घडीच्या सायकलीचे आठ महिने

प्रतापनगरहून सुभाषनगर स्थानकापर्यंत सायकल, तिथून मेट्रोने सीताबर्डी, गाडी बदलून कस्तुरचंद पार्क आणि पुढे सदरमधील कार्यालयापर्यंत पुन्हा सायकल, असा माझा रोजचा प्रवास असून, त्यासाठीच मी वीस इंची चाकांची, सात गिअरची ही घडीची सायकल घेतली. घडी घालायला अर्धे मिनिट पुरते. मात्र चौदा किलोंचे हे धूड हातात धरून जिना चढताना ती ‘सुटसुटीत’ असल्याची जाहिरात आठवते आणि हसू येते.

लहान चाकांमुळे सिग्नलवरून ती चटकन वेग घेते, पण सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर प्रत्येक धक्का थेट मनगटापर्यंत पोहोचतो. सेमिनरी हिल्सचा चढ सर्वांत हलक्या गिअरवर जमतो. खरी काळजी मधल्या बिजागरीची घ्यावी लागते: तिचा खटका सैल झाला की हँडल डोलू लागते, म्हणून मी दर रविवारी तो तपासतो. विक्रेत्याने हे सांगितले नव्हते, आणि या मापाची ट्यूबही त्याच्याकडे नव्हती.

मे महिन्यातील दुपारी मात्र ती कार्यालयातील टेबलाखालीच राहते.