गाडीच्या टपावरचा तंबू घेताय? आधी तो बंद करून बघा

दोन सीझन आणि मोजून ४१ रात्री झाल्यात या तंबूत, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. नवीन असताना लिहिलं असतं तर नुसती वाहवा झाली असती, कारण पहिल्या रात्री वर चढून खिडकीतून बाहेर बघितलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, माझंही नव्हतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, थोडं वाईटही लिहायचंय आणि तसंही या प्रकारातले बरेच तंबू एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात, लेबल तेवढं वेगळं.

गाडी डबल कॅबिनचा पिकअप. तंबू सॉफ्टशेल, म्हणजे पुस्तकासारखा उघडणारा, अर्धा गाडीवर आणि अर्धा शिडीच्या आधाराने बाहेर. आत गादी १४० बाय २४० सेंटीमीटर. वजन कागदावर ६२ किलो होतं, घरी शिडी, गादी, कव्हर सगळं धरून काट्यावर ठेवलं तर ६८ भरलं. तेव्हा घेताना एवढं विचाराच, की लिहिलेल्या वजनात शिडी धरलीये का.

वजनावरून आठवलं, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो. गाडीच्या पुस्तकात टपाचा जो लोड लिहिलेला असतो तो चालत्या गाडीचा असतो, बऱ्याच गाड्यांना ७५ ते १०० किलोच्या आसपास, काहींना त्याहून कमी, आणि त्यात रॅकचं, म्हणजे ज्या सांगाड्यावर तंबू बसतो त्याचं वजनही धरायचं. गाडी उभी असताना टप याच्या कितीतरी पट सोसतो, कारण ब्रेक, वळण, खड्डे यांचा दणका नसतो. त्यामुळे 'आम्ही दोघं मिळून दीडशे किलो, टप खाली येईल' ही भीती उगाच आहे. भीती बाळगायची ती रस्त्यावरच्या वजनाची. इटलीत असे तंबू १९५८ पासून बनतायत आणि पूर्व जर्मनीत तर पिटुकल्या ट्रॅबंट गाडीच्या टपावरही लोक तंबू चढवून फिरायला जायचे, त्यामुळे गाडीला जमेल का हा प्रश्न नाहीये, हिशोब जुळतो का एवढंच बघायचंय.

आता पिकअपवाल्यांची मजा अशी की आपल्याकडे टप सोडून दुसरी जागा पण आहे, हौदा, म्हणजे केबिनच्या मागचा सामान ठेवायचा उघडा भाग. हौद्यावर रॅक बसवून त्यावर तंबू ठेवला की तो वाऱ्याच्या तोंडावर येत नाही, केबिनच्या मागे लपतो, गाडीचा तोल खाली राहतो, आणि वजन टपाच्या खात्यात न जाता गाडीच्या एकूण वजनाच्या खात्यात जातं (तिथे मात्र माणसं, पाणी, फ्रीज, रॅकचे तीसेक किलो, सगळं प्रामाणिकपणे मोजा). आमचा रॅक अर्ध्या उंचीचा आहे, बंद तंबूचा माथा बरोबर केबिनच्या टपाएवढा येतो. केबिनवर ठेवला असता तर गाडी सव्वादोन मीटरच्या वर गेली असती आणि पार्किंगच्या आडव्या दांड्याखाली अडकली असती. तुम्ही टपावरच ठेवणार असाल तर एकूण उंची मोजून चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवा, आठवणीवर जाऊ नका.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. अर्धा रॅक केबिनला आणि अर्धा हौद्याला असं करून वर एकच लांब तंबू टाकायची आयडिया कुणी दिली तर त्याला नमस्कार करून निघून या. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, केबिन वेगळी आणि हौदा वेगळा बसवलेला असतो, खराब रस्त्यावर दोन्ही वेगवेगळे हलतात, पिळवटतात म्हणा ना, आणि मधल्या रॅकचे नटबोल्ट किंवा टपाचा पत्रा यातलं काहीतरी आधी मान टाकतं. हौद्यावर फायबरची कॅनोपी, म्हणजे टपासारखं झाकण असेल तर तिच्या टपाचा लोड वेगळा बघा, गाडीचा आकडा तिला चालत नाही.

तंबू कुठल्या बाजूला उघडायचा यावर मी अजिबात विचार केला नव्हता. मागे उघडेल असा बसवला, खाली मस्त सावली मिळेल म्हणून. सावली मिळाली. फाळकाही उघडत होता. पण सामानाचा ड्रॉवर पुढे ओढला की तो बरोबर शिडीवर जाऊन आदळायचा, मग अर्ध्याच उघडलेल्या ड्रॉवरमध्ये हात कोपरापर्यंत घालून चाचपडत चमचा शोधायचा. दोन रात्री हा प्रकार केला, तिसऱ्या दिवशी आठ बोल्ट सोडून चौघांनी उचलून तंबू फिरवला. आता बाजूला उघडतो आणि मागचा फाळका मोकळा.

बोल्टचं सांगतेच इथे, बसवल्यावर पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पाना घेऊन सगळे एकदा तपासा. आमचा एक जवळजवळ अर्धा फेरा सैल झाला होता, आधी नुसती शिट्टीसारखी बारीक आवाजाची तक्रार यायची, मला वाटलं खिडकी नीट लागत नाहीये. लॉकनट आणि जाड वायसर वापरा, साधे नट नकोत.

बरं, आता मुख्य मुद्दा. दुकानात हे तंबू कायम उघडे ठेवलेले असतात. गादी अंथरलेली, आत छोटासा दिवा, खिडकीच्या जाळ्या वर गुंडाळलेल्या, तुम्ही चढता, लोळता, हसता, आणि पैसे देऊन बाहेर पडता. मी अगदी असंच केलं. पण हा तंबू त्याच्या आयुष्यातला बहुतेक काळ बंदच असतो आणि तुमची खरी परीक्षा तो उघडताना नाही, बंद करताना होते. मी विक्रेत्याला विचारलं होतं की बंद करायला किती वेळ लागतो, तर म्हणाला, "दोघं असले की पटकन होतं मॅडम." तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

उघडायला दहा मिनिटं लागतात, खोटं नाही. कव्हरची चेन काढा, पट्टे सोडा, शिडी लांब करून तिच्याच जोरावर पट (तंबूचा दुमडलेला अर्धा तळ) ओढा, मग वरच्या पावसाळी कापडाच्या चार सळया वाकवून भोकात अडकवा, झालं. बंद करायची कथा ऐका. सकाळ, रात्रभर पाऊस पडून गेलेला, बोटं गारठलेली, सळया काढल्या, शिडीने पट वर उचलून दुमडला, कापड चारही बाजूंनी शर्ट बाहेर आल्यासारखं लोंबतंय, ते एका हाताने आत कोंबायचं आणि दुसऱ्या हाताने पट दाबायचा, डावीकडचं आत गेलं की उजवीकडचं बाहेर. त्यात मी आळशीपणाने दोन्ही स्लीपिंग बॅग आतच ठेवलेल्या, म्हणजे तंबू चार बोटं वरच राहिला. मग टायरवर उभं राहून ते जाड पीव्हीसीचं कव्हर ओढायचं, जे थंडीत पुठ्ठ्यासारखं कडक होतं, आणि तीन बाजूंची चेन लावायची. कोपऱ्यावर चेन अडली, मी जोर लावला, दात उघडले. पंचवीस मिनिटं गेली आणि शेवटी सामान बांधायचा पट्टा आवळून घरी आलो. कंपनीने तीन मेल केल्यावर नवीन कव्हर पाठवलं, तेवढं मात्र पाठवलं.

आता युक्त्या जमल्यात. तंबूच्या कमरेभोवती आतून एक इलास्टिकची दोरी बांधायची, बंद करताना ती भिंती आपोआप आत ओढते, लोंबणं निम्म्याने कमी होतं. खिडक्या सगळ्या लावून टाकल्या तर आतली हवा फुगा करते म्हणून एक उघडी ठेवायची. उशा आणि पातळ पांघरुणं आत चालतात, स्लीपिंग बॅग नाही. आता बारा मिनिटांत होतं, कोरड्या दिवशी. पण दुकानात हे सगळं स्वतः, एकट्याने, उभ्या गाडीवर करून बघा. विक्रेता नाही म्हणाला तर तिथेच उत्तर मिळालं.

हार्डशेलवाले, म्हणजे कडक झाकणाचा तंबू असणारे, इथे हसत असतील आणि त्यांना हक्क आहे. मैत्रिणीचा शिंपल्यासारखा उघडणारा हार्डशेल तीन रात्रींसाठी घेतला होता, चार खटके काढले की डिकीला असतात तसल्या गॅसच्या शॉकअपवर झाकण आपणहून वर जातं, एक मिनिट सुद्धा नाही, आणि बंद करायला तीन. वाऱ्यात फडफड नाही, पावसात झाकणावर नुसता ताशा वाजतो. पण रुंदी कमी, दोघांनी कूस बदलायची तर आधी एकमेकांना कळवून, पायाकडची बाजू इतकी खाली उतरते की उंच माणसाचे पाय कापडाला टेकून ओले होतात, आणि वजन बरेचदा सॉफ्टशेलपेक्षा जास्तच. एकटे किंवा दोघं, रोज नवीन ठिकाणी जाणारे असाल तर हार्डशेल. बरोबर पोर असेल, आत बसून पत्ते कुटायचे असतील तर आमच्यासारखा. आणि एकाच जागी तीन-चार दिवस राहणारे असाल तर, रागावू नका, पण जमिनीवरचा साधा तंबू घ्या. कारण वर तंबू उघडा असताना गाडी हलत नाही, पाणी आणायला जायचं तरी आधी बिऱ्हाड गुंडाळा.

ओलीबद्दल. आमचं कापड २८० जीएसएमचं (एका चौरस मीटरला २८० ग्रॅम) पॉलिकॉटन, म्हणजे पॉलिस्टर आणि कॉटनचं मिश्रण आहे. पहिल्याच पावसात शिवणीतून थेंब आले आणि मी तावातावाने कंपनीला मेल लिहिला, जो आठवून आता लाज वाटते. कॉटनच्या कापडाला आणि दोऱ्याला सुरुवातीला मुद्दाम एकदोनदा भिजवून वाळवायचं असतं, दोरा फुगतो आणि सुईची भोकं बंद होतात. पुस्तिकेत लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. दुसऱ्या पावसापासून एक थेंब नाही. ३००० मिलिमीटर वगैरे जे आकडे लिहितात ते म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी गळत नाही असं, चांगला आकडा आहे पण शिवण आणि चेन त्यात येत नाहीत.

खरं पाणी बाहेरून नाही, आतून येतं. अंगाची उष्णता आणि वाफ फोममधून खाली जाते, खालचा गार तळ लागला की तिथे पाणी होतं. महिन्याभराने सहज गादी उचलून बघितली तर खाली काळ्या बुरशीचे ठिपके. आता गादीखाली जाळीदार मॅट टाकलीये, हवा खेळते, आणि कितीही गारठा असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवतो. ओला तंबू बंद केला तर घरी येऊन एक-दोन दिवसांच्या आत उघडून पूर्ण वाळवायचाच, कंटाळा केला तर वास आयुष्यभर. आणि गारठा घालवायला आत शेगडी किंवा गॅसचा हीटर अजिबात लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतच नाही.

झोप? झोप उत्तम. गादी सहा सेंटीमीटरची आहे, कुशीवर झोपणाऱ्याला खुबा टेकतो, वर पातळ टॉपर टाकला. नवऱ्याने कूस बदलली की गाडी पाट्यांवर कुरकुरते आणि मला बोटीत असल्यासारखं वाटतं, सवय होते. गाडी सपाट उभी करा, नाहीच जमलं तर डोकं चढाकडे. शिडीच्या पायऱ्या मात्र गोल नळीच्या आहेत, रात्री दोन वाजता अनवाणी उतरताना तळव्यांना जे कळतं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नाही. चपट्या, रुंद पायऱ्या बघून घ्या.

परत घ्यायचा झाला तर रॅक हाच ठेवेन, वर हार्डशेल, थोडा रुंदातला मिळाला तर. सध्या नवीन कव्हरची चेन त्याच कोपऱ्यावर परत अडायला लागलीये. मेणबत्ती घासून बघते, नाहीच ऐकलं तर पट्टा गाडीत आहेच.