'टायर आतून गेलाय' असं कुणी म्हणालं, तर

पुणे-सातारा रस्त्याने जे वरचेवर ये-जा करतात, आणि विशेषतः ज्या बायका लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन स्वतः गाडी चालवतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जुलै २०२४ मधला रविवार. वाईला मावशीकडे जाऊन कोथरूडला परत येत होतो. मी चालवत होते, मागे माझी आई आणि सहा वर्षांची मुलगी. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून चहाला थांबलो. पाऊस भुरभुरत होता, अंधार पडायला आला होता. चहा घेऊन गाडीपाशी आले तर मागचं डावं चाक बसल्यासारखं दिसलं. दुपारी वाईतून निघताना पंपावर चारही चाकांत ३० हवा भरून घेतली होती, त्यामुळे बघताक्षणी कळलं की पंक्चर आहे. थोड्याच अंतरावर पंक्चरचं दुकान होतं. गाडी अगदी हळू तिथवर नेली.

तिथल्या माणसाने गेज लावलं. १८ हवा होती. हा आकडा लक्षात ठेवा. चाक खोलून तो शेडच्या पलीकडच्या कोपऱ्यात घेऊन गेला. "ताई, तुम्ही आत बसा, भिजाल," असं वर आपुलकीने म्हणाला. मग हाक मारून त्याने मला रुतलेला स्क्रू दाखवला. स्क्रू खरा होता. पण मग म्हणाला, "अजून दिसतायत." साबणाचं पाणी मारलं आणि आणखी तीन ठिकाणी बुडबुडे आले. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले. ट्यूबलेसला एका पंक्चरचे १५०, म्हणजे चारचे ६००. त्याने भोकांत रबराच्या चार पट्ट्या भरल्या.

माझी मुलगी तोवर दाराशी उभी राहून बघत होती. ती हळूच मला म्हणाली, "आई, ते काका मघाशीच चाकाला सुई टोचत होते." मी तिला म्हटलं, "अगं, पंक्चर असंच काढतात." पट्टी भरण्याआधी भोक टोच्याने मोठं करतात हे मला माहीत होतं, म्हणून मी तिचं बोलणं कानाआड केलं. पण ती 'मघाशी' म्हणाली होती. मला बोलावण्याआधी. पट्टीच काय, साबणाचं पाणीही तेव्हा मारलेलं नव्हतं.

पट्ट्या भरून झाल्यावर तो म्हणाला, एकदा आतून बघून घेतो. पुन्हा त्याच कोपऱ्यात टायर रिमवरून उतरवला आणि तळहातावर काळी भुकटी घेऊन आला. "ताई, टायर आतून गेलाय. हवा नसताना चालवलीत ना. आजी आहेत, लेकरू आहे. बोगदा संपला की मोठा उतार आहे. तुमच्या जागी मी असतो तर या टायरवर गाडी नेली नसती."

मी फसले ती इथे, आणि हेच नीट सांगायचं आहे. कारण तो जे बोलला ते टायरच्या बाबतीत खरंच असतं. हवा पूर्ण गेलेल्या चाकावर गाडी चालवली तर टायरची बाजूची भिंत रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिरडली जाते. आतलं रबर घासून त्याची भुकटी होते, भिंतीवर गोल फिरलेला पट्टा उमटतो, आतले धागे तुटतात. बाहेरून असा टायर धडधाकट दिसतो आणि वेगात असताना फुटू शकतो. तो टाकूनच द्यावा लागतो. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला. काहीच माहीत नसतं तर कदाचित मी चार प्रश्न विचारले असते. माझ्या टायरमध्ये मात्र हवा पूर्ण गेलेली नव्हती, त्याच्याच गेजने १८ दाखवली होती. कमी हवेवर वेगात चालवूनही टायर खराब होऊ शकतो, नाही असं नाही. पण तो झाला आहे की नाही, हे टायरमध्ये डोकावूनच कळतं. मी फक्त त्याचा तळहात पाहिला. टायरच्या आत पाहिलंच नाही. मोबाइलची बॅटरी लावून अर्धा मिनिट बघायचं होतं.

त्याने 'नवा' टायर काढला. काळाभोर, चकचकीत, पट्टी गुंडाळलेला. ४,८०० रुपये. जुन्याचे भंगाराचे म्हणून ३०० वजा केले आणि टायर तिथेच ठेवून घेतला. पंक्चरचे ६०० मात्र घेतलेच. ज्या टायरला गेलेला ठरवलं, त्याच्याच चार पंक्चरचे पैसे मी दिले, हे मला घरी आल्यावर सुचलं. एकूण ५,१०० रुपये यूपीआयने दिले, तेही कुणा माणसाच्या नावावर, दुकानाच्या नाही. बिल मागितलं तर "उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो."

आणि स्टेपनी? ती डिकीत होती, वर तांदळाचं पोतं. तिच्यात हवा कमी होती, तो म्हणाला "ही चालणार नाही," आणि मी मान डोलावली. पंक्चरच्या दुकानात उभी होते मी! कॉम्प्रेसर दोन हातांवर चालू होता. स्टेपनीत हवा भरून, ती लावून निघाले असते तर कोथरूड तासाभरावर होतं. टायर बदलायचा की नाही, हे सोमवारी शांतपणे ठरवता आलं असतं. भीतीने त्या क्षणी हे सुचूच दिलं नाही. त्याने नेमकं आजीचं आणि लेकराचं नाव काढलं ते उगाच नाही.

चार दिवसांनी गाडी थरथरू लागली म्हणून कर्वेनगरला आमच्या नेहमीच्या टायरवाल्यांकडे नेली. काकांनी टायरवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा कुठून आणला?" बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. माझ्या 'नव्या' टायरवर १२१७ होतं. २०१७ सालचा बारावा आठवडा, सात वर्षांपूर्वीचा माल. शिवाय झिजलेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरलेल्या. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की १.६ मिलिमीटर खोल नक्षी उरली, म्हणजे टायर संपला, असं समजायचं. माझ्या टायरमध्ये ते उंचवटेच कापलेले होते. कोरल्यावर खाली जेमतेम रबर उरलं होतं. पावसात, महामार्गावर, मागे आई आणि लेक. काकांनी तो लगेच उतरवून स्टेपनी लावली. माझे हात गार पडले होते.

शनिवारी दादाला घेऊन त्या दुकानात गेले. तो माणूस नव्हता, एक पोरगा होता. आणि भिंतीला टेकून माझा टायर उभा होता. त्यावर ३८२२, शिवाय सोसायटीच्या फाटकाला घासल्याचा ओरखडा, जो मीच पाडला होता. पोराने किंमत सांगितली २,५००. "एक नंबर टायर आहे ताई, अजून खूप चालेल." दादाने आत बॅटरी मारली. भिंत आतून स्वच्छ, ना पट्टा, ना भुकटी.

मालकाला बोलावून घेतलं. आधी आवाज चढवला. मी यूपीआयची पावती दाखवली, त्या टायरवरच्या आकड्यांचे फोटो दाखवले, आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्याच्यासमोरच लावायला घेतला. तेव्हा माझा टायर आणि ३,००० रुपये परत मिळाले. बाकीचे नाही मिळाले. बिल नसल्यामुळे मी त्याहून जास्त ताणू शकले नाही. तुम्ही बिल घ्याच, आणि त्यावर टायरचे ते चार आकडे लिहून घ्या. देत नसतील तर तिथून काही विकत घेऊ नका. चाक खोललं की ते तुमच्या नजरेआड जाऊ देऊ नका, पाऊस असला तरी छत्री घेऊन शेजारी उभं राहा. जुना टायर सोडून येऊ नका, तोच पुरावा असतो. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ वर फोन करून मदत मागता येते. तो नंबर तेव्हा माझ्याकडे नव्हता.

टायर कर्वेनगरला काकांकडे नेला. मला वाटत होतं, निदान तो तरी वाचला. काकांनी चारही भोकांभोवती खडूने गोल काढले. स्क्रूचं भोक मधोमध होतं, तिथे आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, ज्याचा दांडा भोकात बसतो) बसला असता आणि काही त्रास झाला नसता. नक्षीच्या मधल्या भागातलं, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक असं दुरुस्त होतं. दुसरी दोन भोकंही तशीच. चौथं अगदी कडेला होतं, जिथे नक्षी संपून भिंत सुरू होते. चाक फिरताना तो भाग सतत वाकतो, तिथे पॅच टिकत नाही, कुणी शहाणा माणूस तिथे लावतही नाही. "हे खिळ्याचं काम नाही," काका म्हणाले, "हा टोच्या आहे."

माझा बावीस महिन्यांचा टायर तिथेच टाकून द्यावा लागला. नवा घेतला, बिलासकट. चार आकडे माझ्या मुलीने वाचून दाखवले आणि काकांनी ते बिलावर लिहिले.