तीर्थोपाध्यायांची वही: बडोद्याच्या मराठी घराण्यांना नाशिक-त्र्यंबकला काय मिळतं, काय मिळत नाही

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांची वंशावळ बहुधा एकाच जागी अडते. पणजोबांचं नाव असतं, ते कुठल्या खात्यात होते हेही ठाऊक असतं. पण बडोद्याला सर्वांत आधी कोण आलं आणि कुठल्या गावाहून, याला उत्तर ‘देशावरून’ किंवा ‘कोकणातून’ एवढंच. गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे घेतलं, त्या सुमारास आलेल्या शिलेदारांचं मूळ गाव सर्वांत पुसट. सयाजीराव तिसऱ्यांच्या कारकिर्दीत नोकरीसाठी आलेल्यांचं त्या मानाने बरं. त्यांची पत्रं आणि दाखले निदान ट्रंकेत सापडतात.

हा अडलेला दुवा जोडून देणारी एक जुनी सेवा अजून चालू आहे: नाशिकच्या रामकुंडावरचे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय जपतात त्या यात्रेकरूंच्या वह्या. तिची खरी किंमत एका ओळीत असते. ‘मूळ गाव अमुक, हल्ली वस्ती बडोदें’ असं लिहिलेलं कुठल्याही सरकारी कागदात सहसा मिळत नाही. बडोदे दरबारच्या कागदांत माणूस हुद्द्याने आणि पगाराने भेटतो, गावाकडच्या कागदांत जमिनीने. दोन्ही टोकं एका नोंदीत येतात ती इथे, कारण तीर्थावर आलेल्याने स्वतःच आपलं गाव, वस्ती आणि वाडवडील सांगितलेले असतात.

वह्या गाववार आणि आडनाववार लावलेल्या असतात. रामकुंडावर पाऊल ठेवताच ‘गाव कोणतं, आडनाव काय?’ असं विचारतात ते उगाच नाही. प्रत्येक उपाध्याय घराण्याकडे ठरावीक प्रदेश, ज्ञाती, आडनावं. त्यांच्या घरात वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जातात, म्हणून पहिल्याने ‘आमच्याकडे नाही’ म्हटलं तर नोंदच नाही असं धरू नका. ती वही हल्ली कोणाकडे आहे, एवढं विचारून घ्या. बहुतेकांना ते ठाऊक असतं. नाशिकचा उपाध्याय आणि त्र्यंबकचा उपाध्याय एकच असेल असंही नाही. दोन्ही गावांत अंतर सुमारे २८ किलोमीटर, तेव्हा दोन्हीकडे विचारल्याशिवाय परतू नये.

नुसत्या आडनावावर काहीही सापडत नाही. कुलकर्णी, देशपांडे, जोशी, देशमुख, पाटील ही वतनांची नावं गावोगाव आहेत. बडोद्यात आणखी एक घोळ: घराणं निघालं तेव्हा गावावरून ‘-कर’ होतं आणि दरबारात आल्यावर हुद्द्यावरून फडणीस किंवा मुजुमदार झालं. अशा घरांनी दोन्ही आडनावं सांगावीत, नाहीतर शोध स्थलांतराच्या अलीकडेच थांबतो. गाव अजिबात माहीत नसेल तर कुलदैवत, गोत्र आणि सोयरिकी कुठल्या भागात होत ते सांगा. त्यावरून तालुक्यापर्यंत तरी अंदाज बांधता येतो. मात्र गोत्र एक म्हणून घराणं एक, असा निष्कर्ष काढू नये.

जाण्याआधी घर धुंडाळणं हे निम्मं काम. पहिली वस्तू म्हणजे श्राद्धाची नामावळी. बाप-आजा-पणजा, आई-आजी-पणजी आणि आईकडचे तीन पुरुष एवढी नावं त्यात गोत्रासह येतात. गयेला जाऊन आलेल्यांच्या घरी चुलते, आत्या, मावश्यांसह मोठी यादी असू शकते. मग जन्मपत्रिका: त्यात वडिलांचं आणि बऱ्याचदा आजोबांचं नाव, गाव आणि शक असतो. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरवून बुडाशी आणि काठाशी पाहा. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते, आणि आजीच्या माहेरचा धागा कित्येकदा तिथेच मिळतो. अक्षरं पुसट असतील तर चिंच-मीठ लावू नका, कोरीव झिजतं. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च आडवा धरा आणि फोटो काढा. देव्हाऱ्यातले टाक कुलदैवत सांगतात. सनद किंवा इनामपत्र असेल तर मूळ कागद बरोबर नेऊ नका. घडी पडलेल्या जागी तो फाटतो. सपाट ठेवून, वरून, फ्लॅशशिवाय काढलेला फोटो पुरेसा आहे. घडी जबरदस्तीने उलगडण्यापेक्षा आतला मजकूर राहिलेला परवडला.

हे सगळं एका पानावर उतरवा: सर्वांत जुना ठाऊक असलेला पुरुष, त्याचे भाऊ, मुलगे, बायकांची सासरची नावं, अंदाजे काळ. भावांची नावं सर्वांत उपयोगी. नारायण गोविंद आणि गोविंद नारायण हे आजोबा-नातवाचं चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालतं, त्यामुळे एकट्या नावावर पिढी ठरत नाही. तीन-चार भावांचा संच जुळला की ठरते. लाडनावंही लिहा, अण्णा, तात्या, बाबासाहेब म्हणून घरात ओळखला जाणारा माणूस वहीत भलत्याच नावाने असतो.

जुन्या नोंदी मोडीत, अलीकडच्या बाळबोध देवनागरीत. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून अनोळखी गावाचं नाव दोन-तीन प्रकारे लागतं. नोंद वाचून दाखवली की तेवढ्यावर समाधान मानू नये. परवानगी घेऊन पानाचा पूर्ण फोटो घ्या, वरच्या-खालच्या नोंदींसकट. त्याच हस्ताक्षरातल्या शेजारच्या ओळींवरून अडलेलं अक्षर सुटतं. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मौजे’ म्हणजे गाव, ‘कसबे’ म्हणजे बाजारपेठेचं मोठं गाव. हे शब्द निसटले तर बाप आणि मुलगा एकच माणूस होऊन बसतो. मोडी वाचक शोधणं सोपं राहिलेलं नाही: २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाल्यावर त्यांना मागणी फार आहे.

सर्वाधिक चुका होतात त्या सनांत. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. बडोद्यातल्या गुजराती कागदांत मात्र विक्रम संवत, तोही कार्तिकापासून सुरू होणारा: कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा, पुढे ५६. शक समजून संवत वाचला तर माणूस १३५ वर्षं पुढे जातो आणि पणतू खापरपणजोबाच्या आधी जन्मतो. मराठेशाहीतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९, नंतर ६०० मिळवा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, अर्थात १७६०-६१, पानिपतचं वर्ष. या एका सनावर आपलं गणित तपासून घ्यावं.

उणिवाही ठळक आहेत. नोंद सांगीव असते, तपासलेली नसते. आलेल्याला आजोबांच्या पुढचं आठवलं नसेल तर वहीतही नाही. जुन्या नोंदींत मुली क्वचित. बायका लग्नानंतरच्या नावाने, म्हणून माहेर शोधायचं तर माहेरच्या घराण्याची वही वेगळी पाहावी लागते. दत्तक गेलेला मुलगा दोन घराण्यांत दोन बापांच्या नावाने सापडतो, आणि त्यावरून वाद होतात. शिवाय जो कधी तीर्थाला गेलाच नाही, किंवा त्या फांदीतलं कोणीच गेलं नाही, ती फांदी कोरी.

दक्षिणेचा दर ठरलेला नाही, हा अनेकांचा आक्षेप. आमचं मत: नुसती नोंद पाहायची आहे की विधीही करायचा आहे, हे फोनवरच सांगावं आणि रक्कम तेव्हाच बोलून घ्यावी. वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपणं फुकट होत नाही, पण आधी न बोललेल्या रकमेवरून घाटावर हुज्जत घालण्यात दोघांचीही शोभा नाही. पितृपक्षात, श्रावणी सोमवारी आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत वही निवांत उघडली जाईल ही आशा सोडा.

बडोदेकरांना दुसरे पर्यायही आहेत, आणि ते नाशिकच्या आधी पाहिलेले बरे. चांदोद, मातृगयेचं (आईच्या श्राद्धाचं) सिद्धपूर आणि द्वारका ही तिन्ही तीर्थं बडोदे संस्थानातच होती. इथल्या घराण्यांच्या अलीकडच्या पिढ्या तिथे जास्त गेल्या असण्याची शक्यता. आईच्या बाजूचा शोध असेल तर सिद्धपूर सोडू नये. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर हिंदू तीर्थांच्या वह्यांची छायाचित्रं आहेत, हरिद्वारसुद्धा. पण ती नाव टाकून शोधण्यापेक्षा पान-पान उलटून पाहायची असतात. तिथली वंशवेलही सामाईक आहे, दिवंगतांची माहिती कोणीही बदलू शकतो. तेव्हा आपली प्रत स्वतंत्र ठेवा.

वहीतून गाव हाती आलं की काम तीर्थाबाहेर सरकतं. महाराष्ट्रातलं गाव असेल तर तहसीलच्या दफ्तरात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, मागा. अठराव्या शतकातलं इनाम किंवा वतन असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर. बडोद्याकडच्या नोकरीसाठी गुजरात सरकारच्या दफ्तर भांडाराच्या इथल्या शाखेत चौकशी करावी, पण माणसाच्या नावाने नव्हे. खातं, महाल (म्हणजे तालुका) आणि वर्ष सांगितलं तरच रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, काढता येतो. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यानंतरचं दफ्तर वेगळं लागलेलं असतं.

नोंद सापडली की त्याच वहीत आपलीही करून यावी. बडोदे आणि वडोदरा ही दोन्ही नावं लिहा, मूळ गाव तालुक्यासह लिहा, मुलींची आणि सुनांच्या माहेरची नावं घाला, आणि तारीख शकासोबत इसवी सनातही टाका. लेखनिकाने लिहिलं तर सही करण्याआधी एकदा मोठ्याने वाचून घ्या.