एचओ स्केलची मॉडेल वाघीण बांधायची आहे: अक्युरेल, टिची की रेझिन?

अमेरिकन मालगाडीची 40 फुटी बॉक्सकार, म्हणजे बंद मालडबा किंवा वाघीण, मॉडेल रेल्वेच्या एचओ म्हणजे 1:87 प्रमाणात जेमतेम 14 सेंटिमीटरची होते. एवढ्याशा वाघिणीत किती काम स्वतःच्या हातांनी करायचे आहे, हे आधी ठरवा. किट त्यावरूनच ठरते.

लांब गाडी लवकर रुळांवर हवी असेल, तर अक्युरेल कंपनीचे किट घ्या. बॉडी एकसंध, रंगवलेली, अक्षरे छापलेली. वजनाची पट्टी, ट्रक (चाकांचे सांगाडे), कपलर (डबे जोडायचे आकडे) सगळे खोक्यातच असते. एका संध्याकाळी वाघीण तयार. पण शिड्या आणि चढताना धरायच्या कड्या भिंतीतूनच उठवलेल्या असतात. जवळून पाहणाऱ्याला ते खटकते.

टिची ट्रेन ग्रुपची किटेही स्टायरीन या प्लास्टिकचीच, पण तिथे प्रत्येक कडी, पायरी, ब्रेकचा प्रत्येक भाग सुटा असतो. मला हीच सर्वांत आवडतात, आणि कारण वाघिणीच्या पोटाखाली आहे. जुन्या ‘के’ प्रकारच्या हवेच्या ब्रेकमध्ये सिलिंडर आणि हवेची टाकी बहुधा एकत्र जोडलेली असे; 1930च्या दशकात आलेल्या ‘एबी’ ब्रेकमध्ये सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह वेगवेगळे. त्यांना जोडणारे दांडे आणि नळ्या बसवताना खरा ब्रेक कसा लागतो, ते आपोआप उमगते. शिवाय स्टायरीनचा सॉल्व्हंट दोन्ही भाग किंचित वितळवून एकजीव करतो, त्यामुळे सांधा पक्का होतो. एक अडचण मात्र आहे: फ्लॅटकारमध्ये, म्हणजे भिंती-छत नसलेल्या सपाट वाघिणीत, वजन लपवायला जागाच नसते. 40 फुटी वाघिणीला एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार सुमारे 106 ग्रॅम वजन लागते.

वेस्टरफील्ड किंवा फुनारो अँड कॅमरलेंगो यांच्या रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकच्या) किटांकडे वळायचे ते एखाद्या विशिष्ट रेल्वेची विशिष्ट वाघीण हवी असेल तेव्हा. स्टायरीनचे पोलादी साचे महाग, म्हणून त्यात खपणाऱ्याच वाघिणी निघतात. रबराच्या साच्यात थोड्या प्रतीही परवडतात. मात्र रेझिनला सॉल्व्हंट चालत नाही, सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) लागते. ते क्षणात पकडते, भाग सरकवायला वेळच देत नाही. कड्यांची भोके स्वतः पाडावी लागतात, ट्रक आणि कपलर बहुधा वेगळे घ्यावे लागतात. घासताना मास्क हवाच. ती धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका.

पहिलेच किट असेल तर अक्युरेल, हात बसला की टिची. रेझिनची घाई नको. कपलर मात्र तिन्हींत केडी कंपनीचेच लावा, म्हणजे गाडी जोडताना त्रास होणार नाही.