मोल्डवे यांचा ‘बेसिक’ संच (१९८१): ६४ पानांत मावणारा खेळ

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन आणि फासे टाकून भुयारांतली साहसे खेळण्याचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम तीन ग्रंथांत विभागलेले असून प्रत्येकाची पाने तीनशेहून अधिक भरतात. हा खेळ खेळावासा वाटूनही ते ग्रंथ पाहून मागे फिरलेल्या वाचकांनी १९८१ साली टीएसआर कंपनीने काढलेला ‘बेसिक’ संच अवश्य पाहावा. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेली त्याची नियमपुस्तिका अवघ्या ६४ पानांची आहे. संग्राहकांसाठी ती जुनी आठवण असेलही. मी मात्र तिचे परीक्षण आज टेबलावर खेळण्याची वस्तू म्हणूनच करतो आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांत आला. त्या युद्धखेळांचा सराव असलेल्यांसाठी लिहिलेल्या असल्यामुळे नवख्याला त्यांतून वाट काढणे कठीण जाई. १९७७ मध्ये जे. एरिक होम्स या मज्जासंस्थातज्ज्ञ प्राध्यापकाने त्यांची पहिली सोपी मांडणी केली आणि चार वर्षांनी मोल्डवे यांनी ती नव्याने लिहून काढली. त्यांच्या पेटीत नियमपुस्तिका, ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे गायगॅक्सलिखित साहस (खेळण्यासाठी तयार कथानक) आणि फासे होते. फाशांवरचे अंक कोरलेले पण कोरे असत; सोबतचा मेणखडू घासून ते आपणच रंगवायचे.

पात्र तयार करायला पाव तासही पुरतो. तीन फासे सहा वेळा टाकायचे, पडतील ते आकडे त्याच क्रमाने ताकद, बुद्धी अशा सहा गुणांपुढे लिहायचे आणि त्यांना साजेसा वर्ग, म्हणजे योद्धा, जादूगार, चोर असा पेशा, निवडायचा. पहिल्या पातळीवरच्या योद्ध्याचे प्राणगुण, म्हणजे तो किती मार सोसू शकतो याचा आकडा, आठ बाजूंच्या एका फाशावर ठरतात, तर जादूगाराचे चार बाजूंच्या. जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळतो, पुरोहिताला या पातळीवर एकही नाही, आणि प्राणगुण शून्यावर आले की पात्र मेले. पुस्तिकेत छापलेल्या नमुना-संवादातच ब्लॅक डूगल नावाचा चोर पेटीतल्या विषाने कोसळतो आणि त्याचा बटू सोबती खजिना भरायला त्याचीच पिशवी उचलतो. या आवृत्तीची वृत्ती समजून घ्यायला तो उतारा पुरेसा आहे.

नियम कमी आहेत एवढ्याचसाठी मी या संचाची शिफारस करत नाही. जे नियम ठेवले आहेत ते नेमक्या जागी ठेवले आहेत, हे त्याचे खरे बळ आहे. भुयारातील वेळ दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजला जातो. मशाल सहा पाळ्या जळते, कंदिलातले तेल चोवीस पाळ्या पुरते, दर सहाव्या पाळीला विश्रांती घ्यावी लागते आणि दर दोन पाळ्यांनी डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, सहा बाजूंचा फासा टाकतो. त्यावर एक पडला की भटके संकट समोर येते. वाचताना ही हिशेबवही रुक्ष वाटते, परंतु बंद दरवाज्यापुढे चाललेला वाद लांबत जातो, उजेड संपत येतो आणि फासा पुन्हा खडखडतो, तेव्हा कोणतेही वर्णन न करता टेबलावर ताण निर्माण होतो.

शत्रूंविषयीचे दोन नियमही असेच मोलाचे आहेत. भेट होताच दोन फासे टाकून समोरच्याची वृत्ती ठरवता येते. दोन पडले तर तत्काळ हल्ला, बारा पडले तर उत्साहाची मैत्री आणि मधल्या आकड्यांवर बोलणीला वाव. लढाई सुरू झाल्यावर शत्रूंपैकी पहिला पडला किंवा निम्मे गारद झाले की त्यांच्या धैर्याची चाचणी होते आणि बऱ्याचदा ते पळ काढतात. त्यातच पातळी वाढवणारे अनुभवगुण मुख्यतः खजिन्यावर मिळतात: बाहेर आणलेल्या एका सुवर्णमुद्रेला एक गुण, तर गॉब्लिन या किरकोळ राक्षसाला मारल्याचे पाच, तेही सर्वांत वाटून. योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २,००० गुण लागतात, म्हणून शहाणे खेळाडू तलवार उपसण्याआधी लाच, थाप, दोर आणि मागचा दरवाजा यांचा विचार करतात. नव्या आवृत्त्यांत पात्राच्या कागदावर उत्तर शोधण्याची सवय लागते. इथे कागदावर फारसे काही नसतेच, त्यामुळे बोलावे लागते.

मराठी गटांसाठी याचा एक व्यावहारिक लाभ आहे. इंग्रजी पुस्तिका एकट्या डन्जन मास्टरने वाचली तरी भागते. बाकीच्यांना नियम तोंडी सांगता येतात आणि संपूर्ण खेळ मराठीत चालतो. आमच्या गटात नियमपुस्तक कधीच न उघडलेले खेळाडूच सर्वांत धूर्त निघाले.

दोषही लहान नाहीत. पहिल्या पातळीवरच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता १५ टक्के आणि सापळा शोधण्याची १० टक्के, म्हणजे ज्या कामासाठी त्याला सोबत घ्यायचे ते त्याला जवळजवळ येतच नाही. बटू, एल्फ आणि हाफलिंग हे वंश न राहता स्वतंत्र वर्ग होतात, त्यामुळे बटू पुरोहित हवा असेल तर तो मिळत नाही. चिलखताचा आकडा जितका लहान तितके संरक्षण अधिक, ही उलटी पद्धत प्रत्येक वाराला तक्ता पाहायला लावते. शिवाय हा संच तिसऱ्या पातळीवर थांबतो. चार ते चौदा या पातळ्यांसाठी डेव्हिड कुक आणि स्टीव्ह मार्श यांचा त्याच वर्षीचा ‘एक्स्पर्ट’ संच घ्यावा लागतो.

१९८३ साली फ्रँक मेंट्झर यांनी केलेली पुढची आवृत्ती एकट्याने शिकणाऱ्याला अधिक सोयीची आहे, कारण ती गोष्टीच्या रूपाने हात धरून नेते. पण खेळताना एखादा नियम चटकन शोधायचा तर मोल्डवे यांचीच पुस्तिका सरस ठरते. गेव्हिन नॉर्मन यांचे २०१९ मधील ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ हेच नियम विलक्षण नेटकेपणे मांडते आणि चिलखताची सुलटी पद्धतही देते. मात्र ते संदर्भग्रंथासारखे कोरडे आहे. का आणि कसे खेळायचे, हे मोल्डवेच समजावून सांगतात.

जुनी पेटी परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नये. अधिकृत पीडीएफ स्वस्तात मिळते आणि ती छापून स्पायरल बाइंडिंग केली की काम होते. साहसाची पीडीएफ वेगळी घ्यावी लागते. त्यातल्या गुहांमध्ये राक्षसांच्या स्त्रिया आणि मुलेही राहतात, त्यांचे काय करायचे याचा विचार डन्जन मास्टरने आधी करावा. गायगॅक्स यांनी त्याच साहसातल्या किल्ल्यावरील माणसांना केवळ हुद्दे दिले आहेत, नावे दिलेली नाहीत. तीही खेळाआधीच ठरवून ठेवावीत, कारण खेळाडू सर्वप्रथम सरायवाल्याचे नावच विचारतात.