सीथ्रीआर करायचंय: पापुद्रा काढून की न काढता?

माझा भाचा निपाणीजवळच्या खेड्यातला, सतरा वर्षांचा. वर्षात दोनदा चष्मा बदलला, तरी फळ्यावरची अक्षरं त्याला दुहेरी दिसायची. तपासणीत केराटोकोनस निघाला. म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत होता. घरी तंबाखूचं काम. धुळीनं डोळे खाजायचे आणि हा मुठीनं कराकरा चोळायचा. चोळण्यानं हा आजार वाढतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. सीथ्रीआर, म्हणजे क्रॉसलिंकिंग, हा थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून कॉर्निया ताठ करायचा उपचार. तो आजार थांबवण्यासाठी करतात, नंबर घालवण्यासाठी नव्हे. नंतरही चष्मा किंवा कडक लेन्स लागते. आमच्या ताईला हेच पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पापुद्रा काढून करायची पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनची. तिथल्या रुग्णांचे निकाल २००३ साली प्रसिद्ध झाले. डोळा बधिर करून कॉर्नियावरचा पापुद्रा काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब घालतात आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश सोडतात. त्यानं आतल्या कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि पडदा ताठ होतो. पापुद्रा असला तर थेंब नीट आत मुरत नाहीत, थोडा प्रकाश अडतो, आणि या क्रियेला लागणारा प्राणवायूही तो वापरून टाकतो. त्रास मात्र खरा आहे: दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं, उजेड सोसत नाही. जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो आणि काही महिने धूसर दिसू शकतं.

पापुद्रा न काढता केलं तर दुखणं कमी, डोळा लवकर सावरतो, संसर्गाची भीतीही कमी. पण आजार थांबवण्याची खात्री साधारणपणे पहिल्या पद्धतीइतकी नाही. एरवी पापुद्रा काढल्यावर कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन जाड असावा असं धरतात. तेवढा नसेल तर ही पद्धत किंवा पडदा फुगवणारे थेंब हे पर्याय डॉक्टर सुचवतात.

प्रकाशाचा वेळही विचारा. ३ मिलिवॅटचा प्रकाश अर्धा तास किंवा ९ मिलिवॅटचा दहा मिनिटं. एकूण ऊर्जा तेवढीच. दहा मिनिटांचे निकाल जुन्या पद्धतीच्या जवळपास येतात. तीन मिनिटांत उरकणाऱ्या झटपट प्रकारावर माझा तेवढा विश्वास नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पोर विशीच्या आतलं असेल, कॉर्नियाच्या स्कॅनमध्ये शंकू वाढताना दिसत असेल आणि जाडी पुरेशी असेल, तर पापुद्रा काढूनच करा. तीन दिवसांचं दुखणं सोसता येतं. पुढे कॉर्निया बदलायची पाळी आली तर ते फार मोठं प्रकरण आहे. चाळिशीच्या माणसाचे स्कॅन स्थिर असतील तर घाई नको, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करा. स्कॅनआधी लेन्स किती दिवस बंद ठेवायची ते विचारून घ्या, नाहीतर आकडे फसवतात.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा, संकोच करू नका. आणि बँडेज लेन्स, म्हणजे पापुद्रा भरून येईपर्यंत डोळ्यावर ठेवलेली मऊ लेन्स, निघेपर्यंत दवाखान्याजवळच राहा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. आमचा भाचा पाच दिवस इथे बेळगावच्या शहापुरात आमच्याकडेच होता, खिडक्यांना जाड पडदे लावून. रात्री झोपेत हात डोळ्याकडे जायचा, म्हणून ताई उशाशी बसून राहायची.