"फुकटचंच आहे ना?"

एक फॉर्म शोधत होते. कुठल्याशा साइटवर क्लिक केलं आणि स्क्रीन लालभडक झाली. सायरनचा आवाज, 'कॉम्प्युटर बंद करू नका' अशी तंबी आणि खाली ठळक फोन नंबर. बंद करायची फुली कुठे दिसेना. घाबरून मी नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस अगदी शांत. पहिलाच प्रश्न, "मॅडम, अँटिव्हायरस कोणतं?" म्हटलं, विंडोजबरोबर येतं तेच, डिफेंडर. "म्हणजे फुकटचंच आहे ना?" असं म्हणून तो हळूच हसला. खरं सांगायचं तर त्या हसण्यानेच मी गारद झाले. फुकट मिळतंय म्हणजे कुठेतरी कमीच असणार, ही पाल माझ्या मनात आधीच चुकचुकत होती.

मग कॉम्प्युटर लांबून चालवायचं एक सॉफ्टवेअर त्याने माझ्याच हातून उतरवून घेतलं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडून दाखवला: लाल गोळे, पिवळे त्रिकोण, संपता संपेनात. "हे सगळे व्हायरस." मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट, म्हणजे चालू जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड, टाइप केलं. त्यातल्या 'फॉरेन ॲड्रेस' या रकान्यावर माऊस फिरवत म्हणाला, "बघा, परदेशातून किती जण आत शिरलेत." मी बघितलं, आणि मला ते पटलं! फॉरेन ॲड्रेस म्हणजे जोडणीच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता, मग ते टोक शेजारच्या खोलीत का असेना, हे मला नंतर कळलं.

"तुमचं डिफेंडर आमच्या टूलला अडवतंय, रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद करा." विंडोजने विचारलं, बदल करू द्यायचा का? मी 'येस' दाबलं. तीन वर्षांच्या 'प्रीमियम संरक्षणा'चे पैसे कार्डावरून गेले. "पेमेंट अडकलं, दुसरं कार्ड द्या," म्हणाला तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं आणि मी राउटरचं बटण बंद केलं. फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद करवलं, सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. गेलेले पैसे गेलेच.

बरेच दिवस मी डिफेंडरलाच बोल लावत होते. पण त्या बिचाऱ्याने पकडायचं काय? ती लाल स्क्रीन म्हणजे नुसतं वेबपेज होतं. एस्केप दाबून धरली असती, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद केला असता, तर विषय तिथेच मिटला असता. लांबून चालवायचं सॉफ्टवेअर ऑफिसांतले लोक रोज वापरतात, ते व्हायरस नव्हेच. विकतचं अँटिव्हायरस असतं तरी मी तेही बंद केलंच असतं. एकाच कंपनीच्या फुकट आणि विकतच्या आवृत्तीत व्हायरस शोधणारं इंजिन बहुधा एकच असतं. जास्तीचे पैसे व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर असल्या गोष्टींचे. डिफेंडर तर 2012 च्या विंडोज 8 पासून पूर्ण अँटिव्हायरस म्हणून सोबतच येतं, फक्त अपडेट थांबवू नयेत. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. मला एवढं एक माहीत असतं तरी पुरलं असतं.

शेवटी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. त्याच दिवशी, इंटरनेट जोडायच्याही आधी, इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तेच लाल गोळे, तेच पिवळे त्रिकोण.